डेलियाबाय हाजिर?

महाडला आमच्या आळीत घड्याळ एका वकिलांकडेच होतं आणि तेही मागं पडायचं. पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. सकाळी समोरच्या घराच्या कौलारू छपराच्या नळ्यांवर ऊन आलं की आमचे घरमालक अंगणात उभे राहायचे, धोतराचा सोगा कमरेला खोचायचे, घसा साफ करायचे आणि पुकारा करायचे.

"गोंडाऽऽ हाजिर? गुलछडीऽऽ हाजिर? कोंबडाऽऽ हाजिर? कर्दळऽऽ?"

लग्न होऊन नवी नवी त्या घरात राहायला आले तेव्हा पहिल्या दिवशी मी दचकून हातातली कळशी सोडली होती. मला वाटलं, घरात चोर शिरला नाहीतर कुणी वेडा सुटला. कळशीला पोचा आला तो आला. अजून घरात आहे ती कळशी, आणि तो पोचाही.

त्यांनी सारी उमर कोर्टात काढली होती, दारात उभं राहून वादी-प्रतिवादींची नावं पुकारायची. साधे शिपाईच होते, पण सगळं गाव त्यांना जमादार म्हणायचं, म्हणून मीही जमादारच म्हणते. आवाज असा, की त्यांनी कोर्टात नाव घेतलं की गांधारी नदीपलीकडच्या म्हशी माना वर करतात असं लोक म्हणायचे. पेन्शनीत निघाल्यावर तो आवाज ठेवायचा कुठं? तो त्यांनी बागेत आणून ठेवला. झाडं काय उत्तर देणार! पण जमादार प्रत्येक नावानंतर थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मगच पुढचं नाव घ्यायचे. एखादं झाड मलूल दिसलं की "कर्दळ गैरहाजर" असं स्वतःशी म्हणत तिच्या बुडाशी जाऊन उकिडवे बसायचे. मग त्या दिवशी त्यांचा चहाही निवून जायचा.

आम्ही बिऱ्हाडाची जागा मागायला गेलो तेव्हाची गोष्ट. हे शाळेत मास्तर, नुकतीच महाडला बदली झालेली. जमादारांनी ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, तुमी ओले का सुके?"

हे बिचारे गांगरले. म्हणाले, "म्हणजे? आम्ही दोघंच आहोत."

जमादार आम्हांला परसात घेऊन गेले. तिथं कोपऱ्यात शेवग्याची दांडगी झाडं दाटीनं उभी होती. "ह्ये बगा माजे टेकू," ते म्हणाले. झालं होतं असं, की एका ज्येष्ठात त्यांनी गोंड्यांना आधार म्हणून शेवग्याच्या ओल्या काठ्या रोवल्या. कोकणातला पाऊस तो! गणपती येईपर्यंत काठ्यांना पालवी फुटली, मुळं धरली आणि त्यांच्या सावलीत गोंडे पिवळे पडून मेले. "टेकू जगला आन् ज्येच्यासाटी लावला त्यो मेला. तवापासून मी सुकाच टेकू घेतो. ओला रुजतो, मास्तर. मंग त्येला ऊठ म्हणायची सोय ऱ्हात नाय."

ह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "जमादार, आम्ही अगदी वाळलेले आहोत." मी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. जागा मिळाली. पुढं किती वर्षं आम्ही तिथं राहिलो ते विचारू नका. शेवगा परवडला असं जमादारच म्हणायचे.

त्यांचे सुके टेकू म्हणजे डोंगरातली वाळकी कारवी. आषाढात आळीतले लोक आपापल्या परड्यात भेंडी, पडवळ लावायचे आणि जमादारांच्या अंगणात नुसत्या काठ्या उभ्या. नवा माणूस विचारायचा, हे काय पीक? आधी काठी, मग झाड, असा त्यांचा कायदा. झाड मोठं झाल्यावर शेजारी काठी खुपसली तर ती मुळात घुसते, मग आधार कसला, खूनच तो. म्हणून आधी काठी रोवायची आणि तिच्या पायथ्याशी रोप लावायचं. "काटीला आदी वळख होऊ दे, कोन येनार हाय ते," असं म्हणायचे.

आणि बांधायला काय? तर त्यांची जुनी धोतरं. सुंभ चालायचा नाही, तो कापतो. नवं कापड चालायचं नाही, ते करकरतं. दहा पावसाळ्यांत धुतलेलं, हाताला लोण्यासारखं लागणारं धोतरच पाहिजे. त्याच्या चिंध्या फाडायच्या, काठीला आवळून गाठ मारायची, मध्ये एक पीळ द्यायचा आणि झाडाभोवती सैल वेढा. वेढ्यात बोट फिरलं पाहिजे. "काठीला गाठ, झाडाला वाट," हे त्यांचं वाक्य आळीतल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं. पावसाचा जोर वाढला, वारं सुटलं, की चिंध्या जास्त लागायच्या आणि जमादारांचं अंगावरचं धोतर आखूड होत जायचं. दसऱ्याच्या सुमाराला ते गुडघ्याच्या वर गेलेलं असायचं. आमची आळी पाऊसमान धोतरावरून ओळखायची.

एकदा ह्यांना हौस आली आणि ह्यांनी एका गोंड्याला बांधलं, ते मास्तरी हातानं, करकचून. जमादार आले, बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो आरोपी नाय. ह्येला बेडी कशापायी?" त्यानंतर हे त्या बागेत हात मागं बांधूनच फिरायचे.

आता त्यांची खरी विक्षिप्त तऱ्हा सांगते. जमादार बाईमाणसाशी बोलत नसत. म्हणजे अजिबात नाही. मी त्या घरात नांदत होते, त्यांच्याच विहिरीचं पाणी भरत होते, त्यांच्या घरात भाकरी करायला कुणी नाही म्हणून त्यांचं ताटही रोज माझ्याच चुलीवरून जायचं, पण त्यांनी माझ्याकडे बघून एक शब्द काढला असेल तर शपथ! जे सांगायचं ते झाडांना सांगायचे. वकिलीणबाई दसऱ्याला तोरणासाठी गोंडे मागायला आल्या तर जमादार वळले गोंड्याकडे. "गोंड्या, बायला हवी तेवडी दे रे. शेंड्याचं तेवडं ठेव." वकिलीणबाई फुलं घेऊन तणतणत गेल्या. "मेल्याचं तोंड झिजतं का माझ्याशी बोलायला?" पण फुलं परडीभर नेली हो, कमी नाही.

मीसुद्धा आधी चिडायचे. पण ह्यांनी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा जमादार बोलले. म्हणाले, "मास्तर, मी कोर्टाच्या दारात हुबा ऱ्हायचो. बाप्याचं नाव घेतलं तर त्यो मिशीला पीळ देऊन आत जायाचा. बाईचं नाव घेतलं की ती खाली बगायची. सगल्यांसमोर नाव निगालं, जनू लुगडंच फेडलं कुनी. माज्या तोंडानं मी किती जनींना खाली बगायला लावलं! आता पुरं. आता बाईमानसाला हाक म्हनून मारायची नाय." हे मला ह्यांनी सांगितलं आणि माझा राग गेला. माणूस तऱ्हेवाईक खरा, पण त्याच्या तऱ्हेला कारण होतं.

माझ्यासाठी त्यांनी कोणतं झाड नेमलंय हे मला उशिराच कळलं. ती डेलिया. आंबेनळीच्या घाटातून महाबळेश्वरचा एक ओळखीचा माळी दर साल खाली उतरायचा, त्यानं एका खेपेला गवतात गुंडाळून तिचा गड्डा आणून दिला. आमच्या पावसात डेलिया टिकत नाही, सगळे म्हणाले कुजणार. जमादारांनी घासलेटच्या डब्याला खाली भोकं पाडली, वाळू-माती भरली, कारवीची काठी रोवली आणि डबा नेमका आमच्या खिडकीशी, पागोळ्यांच्या आत ठेवला. डेलिया वाढली ती माझ्या कमरेएवढी. पोकळ दांडा, वर जांभळट लाल, वाटीएवढं फूल. दांडा एवढा ठिसूळ आणि माथ्यावर एवढा भार, तिला बिचारीला आधाराशिवाय निभावच नव्हता.

सकाळी मी ओल्या लाकडांशी फुंकून फुंकून जीव देत असले की बाहेरून आवाज यायचा, "काय गो डेलियाबाय, सुकी लाकडं माळ्यावर हायत ती घ्यायला काय वाघ बसलाय तितं?" मी मनात म्हणायचे, झाडाला लाकडं कशाला हवीत? मग एकदम उजेड पडला. मी शिडी लावून माळ्यावर पाहिलं तर खरंच सुकी लाकडं! त्यानंतर डेलियाशी चाललेलं बोलणं मी कान देऊन ऐकायला लागले. "डेलियाबाय, दोन हंडे येकदम उचलू नये." "डेलियाबाय, आज आमटीत मीठ नव्हतं, पन ग्वाड लागली." मी उत्तर द्यायची नाही. पण दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ असायचं.

आता जे सांगायचं ते मनाला लागणारं आहे, पण सांगितल्याशिवाय जमादार कळायचे नाहीत. माझी कूस आधी दोनदा रिकामी झाली होती. दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात. पहिलं घरीच गेलं. दुसऱ्या खेपेला आबा, म्हणजे माझे वडील, मला बाळंतपणासाठी पोलादपूरकडे आमच्या गावी नेत होते, तेव्हा वाटेत बैलगाडीतच गेलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही आमच्यात रीत. लेक सासरी बाळंत झाली तर माहेरच्यांना चार लोकांत मान वर करता येत नाही. त्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा मला अजून पाठ आहे.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाई, आता पाठ टेकायची ती उचलायची नाही. मी खिडकीपाशी पडून असायची. सहावा सरला, सातवा लागला. मला श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटायची. रात्रंदिवस एकच मागणं, देवा, एवढं एक राहू दे. बाहेर जमादार डेलियाला सांगत असायचे, "हलू नको गो. तुजी कामं करायला आमी मेलोय का?" आणि त्यांनी खरंच ह्यांना भात शिजवायला शिकवलं. दोघा बाप्यांनी मिळून केलेला तो भात! आठवला की अजून दाताखाली खडा येतो.

हस्ताचे दिवस होते. दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारच्या सुमाराला वरंधा घाटाच्या बाजूनं आभाळ काळं व्हायला लागलं. वारं असं सुटलं की आमच्या घराचे नळे उडून समोरच्या अंगणात फुटले. मी खिडकीतून बघत होते. जमादार पावसात उभे, दोन्ही हातांनी सूर्यफुलाला कवेत धरलेलं, आणि ढगांवर ओरडतायत, "शांतता राखा! शांतता राखा!" कोर्टात ओरडायचे तसं. ढग काय ऐकणार! गोंडे आडवे झाले, गुलछड्या झोपल्या, कोंबड्याच्या फुलांचे तुरे चिखलात गेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत डेलियाचा डबा कलंडला. दांडा मध्यावर वाकून ती तोंडावर पडली. मला वाटलं, संपलं. तिचं झालं ते आता माझंही होणार.

पाऊस थांबला. हे धावत अंगणात गेले आणि पहिला गोंडा उचलायला वाकले, तोच जमादार गरजले, "हात लावू नका!"

"अहो, पण पडलेत ते!"

"पडलेत म्हनूनच हात लावायचा नाय. जमीन वली हाय. आता उचललं तर मुळं सुटतील. जितं पडलंय तितंच टेकवायचं. जमिनीला धरू दे. मंग रोज थोडं थोडं उचलू."

आणि त्यांनी तसंच केलं. एक झाड उभं केलं नाही. फुलांतलं पाणी हलक्या हातानं झटकलं, फाटलं-तुटलं तेवढं कापून टाकलं, आडव्या झाडांखाली पेंढा सारला आणि दांड्यांखाली दोन फाट्यांची बुटकी बेचकी रोवली, जिथं पडलंय तिथं. शेवटी माझ्या खिडकीशी आले. डेलियाचा दांडा वाकला होता, तुटला नव्हता. त्यांनी वाकल्या जागी चिखलाचा लेप दिला, वरून धोतराची चिंधी गुंडाळली, खाली बेचकं दिलं. मग खिडकीकडे पाठ करून तिला म्हणाले, "काय गो, घाबरलीस? वाकलीस तू, मोडली नायस. पडून ऱ्हा. पडून ऱ्हायची कसली आलीय लाज?"

मी उशीत तोंड खुपसून रडले. भीती होतीच. पण ती जरा उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून आळीत चिखल, दारात गाडी येऊन थांबली. आबा आले होते. गाडीला तट्ट्याचं छप्पर, आत पेंढा, वर घोंगडी. "लेकीला न्यायला आलोय," आबा म्हणाले. हे म्हणाले, "डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलंय." पण आबांपुढं ह्यांचं बोलणं तीनचार शब्दांच्या पुढं कधी गेलंच नाही.

आबांना मायाच नव्हती असं कुणी समजू नका. ते माझ्याइतकेच भ्यालेले होते. त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, की मागच्या खेपेला देवीला न विचारता मला नेलं म्हणून घात झाला. म्हणून या वेळी त्यांनी गावदेवीला कौल लावला होता. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आबांनी विचारलं, लेकीला माहेरी आणू का? उजवी कळी टपकन पडली. देवीनं सांगितल्यावर डॉक्टर कोण आणि जावई कोण!

मला उचलून गाडीत निजवलं. मी काही बोलले नाही. माझ्याशी कुणी बोलतही नव्हतं. छपराकडे बघत पडले होते आणि त्या वाटेवरचा पहिला खड्डा कुठं येतो ते मला माहीत होतं.

गाडी हलेना. मी मान वळवून पाहिलं, तर बैलांच्या पुढ्यात जमादार उभे. हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले, धोतर मांड्यांपर्यंत आलेलं. आबा म्हणाले, "बाजूला व्हा, पावनं. माजी लेक हाय. देवीचा हुकूम हाय."

मी म्हटलं, आता जमादार देवीला नावं ठेवणार आणि आबा काठी उचलणार. पण जमादारांनी दोन्ही हात जोडले. "देवीचा हुकूम मान्य. देवीच्या हुकमावर अपील नाय. पन पावनं, इचारलंत काय ते सांगा. जसंच्या तसं."

"इचारलं, लेकीला माह्यारी आणू का?"

"बरोब्बर. कदी आणू, ते इचारलंत?"

आबांनी मुंडासं सारखं केलं.

"प्वार पोटात घेऊन आणू का मांडीवर घेऊन आणू, ते इचारलंत?"

आबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आळीतले लोक जमले होते. वकीलसाहेब तोंडात दातवणाची काडी तशीच ठेवून ऐकत होते. आबा म्हणाले, "ते नाय इचारलं."

"मंग हुकमात तारीख नाय," जमादार म्हणाले. "तारीख नाय तर मुदत मागता येते. मी देवीकडं मुदत मागतो. लेक माह्यारी येईल, पन प्वार मांडीवर घेऊन येईल. नारळ मी देईन."

"तुमी कोन मुदत मागनार?" आबा उसळले. "तुमी ना नात्याचे ना गोत्याचे!"

ते मात्र खरं होतं. जमादार खाली मान घालून चिखलातल्या स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता बाजूला होणार. आबांनी कासरा उचललासुद्धा.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली, पाय जुळवले, छाती भरून घेतली आणि पुकारा केला. माझं नाव. माझं, ह्यांचं आणि आडनाव, सगळं पूर्ण, उभ्या आळीसमोर, कोर्टाच्या दारातून करायचे तसा. "…हाऽऽजिर होऽऽ!"

बैलांचे कान उभे राहिले. आणि मग ज्या माणसानं एवढ्या दिवसांत माझ्याकडे पाठ करूनच बोलायचा नेम धरला होता, त्यानं गाडीच्या तोंडाशी येऊन थेट माझ्याकडे बघितलं. डोळे पाण्यानं भरलेले. म्हणाला, "बाय, तुजं म्हननं काय हाय?"

अहो, कोर्टात चोरालासुद्धा विचारतात, तुझं म्हणणं काय. मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. ना आबांनी, ना ह्यांनी, ना देवीला विचारताना कुणाला माझी आठवण झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बघितलं नाही.

मी म्हटलं, "आबा, मी पडलेय तिथंच पडून राहते. मला उचलू नका."

आबांच्या हातातला कासरा खाली आला. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यांनी तोंड पुसलं. "आसं आदी सांगायचं व्हतंस गो," एवढंच म्हणाले. तीच रिकामी गाडी घेऊन ते परत गेले आणि देवीपुढं मुदतीचा नारळ फोडून आमच्या आयेला महाडला घेऊन आले. माहेरी मी नाही गेले, माहेरच माझ्याकडे आलं. देवीचा हुकूम पुढं फाल्गुनात पाळला, तोही मूल मांडीवर घेऊन. जमादार वेशीपर्यंत गाडीच्या मागं चालत आले होते.

त्या दिवशी मला आत आणून निजवलं आणि लगेच बाहेरून ऐकू आलं, "डेलियाबाय, ऐकलंस ना? आता गुमान पडून ऱ्हा." म्हणजे गाडी पुन्हा रुळावर आली. माझ्याशी थेट बोलणं झालं ते तेवढंच, त्या एका वेळचं.

मग बाग उभी राहिली. एकदम नाही. ऊन चढून दांडे जरा मऊ पडले की जमादार बेचकी किंचित वर सरकवायचे, चिंधी सोडून पुन्हा बांधायचे, मुळाशी माती अंगठ्यानं दाबायचे. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. गुलछड्या उठल्या. गोंडे अर्धेअधिक जगले, दसऱ्याला वकिलीणबाईंचं तोरणही झालं. सूर्यफूल गेलं. त्याला कवेत धरलं होतं, पण गेलं. जमादारांनी त्याचं नाव पुकाऱ्यातून काढलं नाही. नाव घ्यायचे, थांबायचे आणि "गैरहाजर" म्हणून पुढं जायचे. डेलियाच्या दांड्याला मध्ये कोपरासारखा बाक राहिला तो राहिलाच, पण बाकाच्या वरून ती सरळ निघाली आणि मार्गशीर्षात तिला कळी धरली.

त्याच मार्गशीर्षात, महिने भरून, सकाळच्या उन्हात मी बाळंत झाले. सुईणीनं मूल हातात घेतलं. मी वाट बघत होते. आवाज नाही. आयेचं तोंड मी पाहिलं आणि मला कळलं. सुईण त्याला उलटं धरून पाठीवर चापट्या मारत होती, फुंकर घालत होती, तोंड पुसत होती. मूल निळसर, गप्प. "रड रे, रड रे बाबा," सुईण म्हणत होती. मी उठू बघत होते आणि आये मला दाबून धरत होती. मी किंचाळले असणार, कारण ओटीवर बसलेल्या ह्यांनी बाहेरून दार धडधडवायला सुरुवात केली.

बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी लावलेली होती. तिच्या पलीकडून, अगदी डेलियाच्या डब्यापाशी, घसा साफ केल्याचा आवाज आला. मग असा पुकारा झाला की मी माझ्या जन्मात तसा ऐकला नाही. वरचे नळे थरथरले.

"डेलियाबायचं लेकरूऽऽ हाऽऽजिर होऽऽऽऽ!"

सुईणीची चापट बसली आणि मूल रडलं. बारीक, मग मोठ्यानं, मग असं, की आळीनं ऐकावं. सुईण शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या चापटीनं रडलं. असेल बाई! मी ज्या क्रमानं ऐकलं त्या क्रमानं सांगते. ह्यांनी नंतर सांगितलं, जमादार बाहेर डब्यापाशीच मातीत मटकन खाली बसले होते आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून हमसून हमसून रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या नळ्यांवर ऊन आलं. मी जागीच होते. कुशीत मूल दूध पीत होतं. बाहेर रोजचा पुकारा सुरू झाला.

"गोंडाऽऽ हाजिर? गुलछडीऽऽ हाजिर? सूर्यफूलऽऽ… गैरहाजर." मग जरा थांबून, हळू आवाजात, "डेलियाबाय हाजिर?"

त्यांच्या पुकाऱ्याला कधीही कुणी उत्तर दिलं नव्हतं. मी मान उचलली आणि होता नव्हता तो जोर लावून खिडकीतून ओरडले, "हाजिर!"

"गो, लाज हाय का नाय! बालंतीन तू!" आयेनं माझ्या तोंडावर हात ठेवला. आता जमादार पळून जातात की काय, असं मला वाटलं. मग घोंगडीपलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"आन् लेकरू?"

मी आयेचा हात बाजूला केला.

"हाजिर, जमादार! दोघंही हाजिर!"